बाभळीचा पाय

ही हकीकत सांगायची मी वीस-बावीस वर्षं टाळली. गावात दाते मिस्त्रींचा विषय निघाला की सगळे हसत आणि मीही हसत असे, कारण हसणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही. आता मिस्त्री राहिले नाहीत. त्या दिवशी खळ्यावर हजर असलेली जुनी माणसंही थोडीच उरलीत. मीही सत्तरी ओलांडली आहे. तेव्हा जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

मिस्त्री दातांनी ऐकत. त्यांचं खरं नाव रंगनाथ शिंदे. लहानपणी कान वाहून वाहून दोन्ही पडदे गेलेले. कानाजवळ फटाका वाजवला तरी मान वळत नसे. पण हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर, ज्याला आमच्याकडे डिसमिस म्हणतात, त्याचं टोक इंजिनाला टेकवून त्याची लाकडी मूठ दातांत धरली, की इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते त्यांना नीट ऐकू यायचं. डोळे मिटून ते असे उकिडवे बसायचे की नवख्या माणसाला वाटावं, हा माणूस ट्रॅक्टर खातोय.

म्हणून गावानं त्यांना दाते हे आडनाव दिलं. ते इतकं पक्कं झालं की एका वर्षी मतदार यादीतही ‘रंगनाथ दाते’ असंच छापून आलं. मिस्त्री केंद्रावरून परत फिरले. “ज्येचं मत हाय त्येला बोलवा,” म्हणाले, “मी दुसऱ्याचं कसं टाकू?” सरपंच समजावायला मागं धावला, पण मिस्त्रींनी डिसमिस खिशात ठेवला होता. डिसमिस खिशात गेला की त्यांच्याशी बोलणं संपलेलं असे.

कारण माणसांचं बोलणंही ते तसंच ऐकत. टोकाला फडकं गुंडाळून ते टोक समोरच्याच्या गळ्याला टेकवत आणि मूठ स्वतःच्या दातांत धरत. “नरड्याला लाव आणि बोल,” एवढं सांगत. नवीन आलेले ग्रामसेवक पहिल्याच दिवशी हे पाहून खुर्ची सोडून पळाले होते. सप्ताहात कीर्तनाला मिस्त्री मंडपात बसत नसत. ते मंडपामागं लाउडस्पीकरच्या खोक्याला डिसमिस लावून बसत. एका बुवांनी त्यांना पाहिलं आणि अभंगाच्या मधेच विचारलं, “ते गृहस्थ काय करताहेत?” पुढच्या रांगेतून उत्तर आलं, “तुमाला चावून ऐकत्यात, बुवा.”

मिस्त्रींचं एक ठरलेलं वाक्य होतं. “कान ऐकीव सांगतो, दात खोटं बोलत न्हाई.” हे ते दिवसातून दहा वेळा बोलत, आणि मोठ्यानं बोलत, कारण स्वतःचा आवाज केवढा आहे याचा त्यांना अंदाज नव्हता. त्यांनी घरात केलेली कुजबुज वेशीपर्यंत पोचायची.

घरी डिसमिस चालत नसे. “लोखंड नको माझ्या नरड्याला,” असं त्यांच्या बायकोनं, गजराबाईंनी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. घरात लाटणं होतं. जेवणं झाली की ओट्यावर दोघं समोरासमोर बसत. लाटण्याचं एक टोक गजराबाईंच्या गळ्याला, दुसरं मिस्त्रींच्या दातांत. त्या दिवसभराचं सगळं सांगत आणि ते हसत, मान डोलावत. भांडण सुरू झालं की मिस्त्री लाटणं तोंडातून काढून ताटात ठेवत. गजराबाई ते उचलून पुन्हा त्यांच्या तोंडात कोंबत आणि भांडण पुढे चालू. मी कैक संध्याकाळी हे रस्त्यावरून जाताना पाहिलंय. नवरा-बायको एवढं जवळ बसून बोलताना मी आमच्या गावात दुसरं जोडपं पाहिलं नाही.

आमचं गाव राहुरीपासून सायकलवर तासाभराच्या अंतरावर. मी तिथल्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सोसायटीचा एक जुना ट्रॅक्टर होता, त्याला सगळे म्हातारी म्हणत. म्हातारीची नांगरट वगैरे कामं केव्हाच बंद झाली होती. तिचं एकच काम उरलं होतं. दसऱ्यानंतर मळणी यंत्र तिच्या मागच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे पीटीओला, जोडायचं आणि गावाची बाजरी मळून द्यायची. बाकीचं वर्ष ती गोदामात उभी असे. तिची देखभाल मिस्त्रींकडे आणि तिची किल्ली माझ्याकडे.

त्या जातीच्या ट्रॅक्टरला एकाच पेडलमध्ये दोन क्लच असतात. पाय अर्धा दाबला की चाकं सुटतात, पुरता दाबला की मागचा दांडा थांबतो. आता असा ट्रॅक्टर पावसाळाभर नुसता उभा राहिला तर दमट हवेनं आतल्या प्लेटा एकमेकींना गंजून चिकटतात. मग पाय कितीही दाबा, दांडा थांबत नाही. यावर एकच उपाय, पेडल दाबलेलंच ठेवायचं, म्हणजे प्लेटा एकमेकींपासून सुट्या राहतात.

“आता ड्रायव्हर काय चार म्हयने पाय दाबून बसनार हाय व्हय?” मिस्त्री विचारत आणि उत्तरादाखल पोत्यातून एक लाकडी पाय बाहेर काढत. बाभळीचं दीड हाताचं दांडकं. वरचं टोक सीटखालच्या पट्टीला अडकवायचं, खालचं पेडलवर. ते पेडलवरून घसरू नये म्हणून खाली जुन्या चपलेचा तळ ठोकलेला. मृग निघाला की मिस्त्री खांद्यावर पोतं टाकून गावभर फिरत आणि ज्याचा ट्रॅक्टर उभा राहणार त्याला पाय देत. प्रत्येक ट्रॅक्टरचं माप वेगळं, ते त्यांच्या डोक्यात. पायाला ते चप्पलही बघून ठोकत. सोसायटीच्या चेअरमन आबांच्या ट्रॅक्टरला कोल्हापुरी, म्हातारीला गजराबाईंची जुनी स्लिपर. “बाईमानूस हाय,” म्हणत.

लोक हसत, पण पाय लावत. कारण पाय लावलेला एकही क्लच कधी चिकटला नव्हता.

त्या वर्षी श्रावणात गोदामाचं छत गळायला लागलं. खतांच्या गोण्या हलवायच्या म्हणून मी म्हातारीचा पाय काढला आणि चार माणसांनी तिला ढकलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. पाय परत लावायला हवा होता. मी तो सायकलच्या कॅरिअरला लावून घरी नेला, का नेला ते आजही सांगता येत नाही. बहुतेक तो हातात होता म्हणून. उद्या आणून लावू म्हटलं. मग आठवडाभर झड लागली.

त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या मुलीला बघायला श्रीगोंद्याहून पाहुणे आले. मुक्कामी राहिले. सकाळी सगळ्यांना अंघोळीला गरम पाणी हवं आणि घरातलं सगळं सरपण भिजलेलं. बंब पेटेना. बायको आतून दोनदा ओरडली. पडवीत, भिंतीला टेकवलेला, कोरडा खडखडीत बाभळीचा पाय उभा होता.

मी कुऱ्हाड घेतली. चार तुकडे केले. चपलेचा तळ काढायचा राहिला, तो तसाच एका तुकड्याबरोबर बंबात गेला. रबर जळाल्याचा वास सगळ्या घरात पसरला. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, “कशाचा वास येतोय?” मी म्हणालो, “काही नाही, ओलं लाकूड आहे.”

पाणी मात्र चांगलं तापलं. ते स्थळ जमलं. मुलगी सुखात आहे.

मिस्त्रींना सांगून दुसरा पाय करून घ्यायला हवा होता. आज सांगू, उद्या सांगू करता करता गणपती गेले, दसरा गेला.

बाजरी काढून झाली. खळ्यावर कणसांचे ढीग लागले. आणि आभाळ भरून यायला लागलं. म्हातारी बाहेर काढली, मळणी यंत्र जोडलं आणि इंजिन सुरू केलं. ड्रायव्हरनं पाय पुरता दाबला तरी मागचा दांडा फिरतच राहिला. पुन्हा दाबला. दांडा थांबेना.

“चालू दे की तसंच,” कुणीतरी म्हणालं. “फिरतोय न्हवं? फिरायलाच पायजे त्याला.”

मिस्त्री दोन्ही हात पसरून यंत्रापुढे उभे राहिले. “जे थांबत न्हाई ते चालवायचं न्हाई. कुनाचा सदरा आत गेला तर काय माझ्या दातांनी थांबवनार?”

मग त्यांनी तपासायला घेतलं. आधी पेडलची ढील बोटांनी मोजली. बरोबर होती. मग पेडलपासून आत जाणारा गज हलवून पाहिला. तोही ठीक. मग ते म्हातारीच्या पोटाखाली शिरले, क्लचच्या घराला डिसमिस टेकवला, मूठ दातांत धरली आणि ड्रायव्हरला पाय दाबायची-सोडायची खूण केली. खळ्यावर सगळा गाव उभा. कोणी बोलत नव्हतं. खरं तर बोलले असते तरी त्यांना काय फरक पडणार होता.

मिस्त्री बाहेर आले ते खूश होऊन. “तुटलं काय न्हाई! प्लेटा गळ्यात गळा घालून बसल्यात, गंज धरलाय. इंजन तापवा चांगलं. पाय दाबून ठिवायचा आन दांड्याला वजं देऊन एक हिसका. तासाभरात सुटंल. संध्याकाळपातुर बाजरी घरात.”

लोकांचा जीव भांड्यात पडला. आबा चेअरमन मात्र माझ्याकडे वळले. “पन गंज धरलाच कसा? सेक्रेटरी, पाय लावला नव्हता का?”

मिस्त्रींना ते ऐकू आलं नव्हतं. पण तोच प्रश्न त्यांच्याही मनात आला असावा. ते माझ्याजवळ आले, फडकं गुंडाळलेलं टोक माझ्या गळ्याला टेकवलं, मूठ दातांत धरली आणि दातांच्या फटीतूनच म्हणाले, “शेक्रेटरी, पाय दिल्ता न्हवं म्हातारीला?”

मी खळ्याकडे पाहिलं. आभाळाकडे पाहिलं. सोसायटीची निवडणूक जवळ आलेली, माझ्या जागेवर आबांच्या मेव्हण्याचा डोळा. हे सगळं आज लिहितोय म्हणून लिहितोय. त्या वेळी एवढा विचारही केला नाही.

“दिला होता,” मी म्हणालो. “आज सकाळीच काढला.”

पाय कुठं आहे, दाखवा, एवढं ते म्हणाले असते तर मी सापडलो असतो. ते म्हणाले नाहीत. माझा शब्द त्यांना दातांतून आला होता.

मिस्त्रींनी डिसमिस खाली घेतला आणि ते म्हातारीकडे वळले. पाय लावलेला असेल तर प्लेटा चिकटणार नाहीत, हे त्यांना आपल्या नावापेक्षा पक्कं माहीत होतं. आणि दातांनी तर चिकटल्यात असं सांगितलं होतं. दोन्ही खरं असू शकत नव्हतं. ते पुन्हा पोटाखाली गेले, पुन्हा ऐकलं. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता.

“मग चिकटल्या न्हाईत,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला. “आत काय तरी तुटलंय. हिसका दिला तर क्लचचं घर फुटंल. फोडावी लागंल.”

ट्रॅक्टर फोडणं म्हणजे इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये त्याचे दोन भाग करणं. दोन दिवसांचं काम. मी तेव्हा बोलू शकलो असतो. मिस्त्री बोल्ट खोलायचे पाने काढत होते, ठोकळे रचत होते. पहिला बोल्ट सैल होईपर्यंत मला वेळ होता. मग शेवटचा बोल्ट निघेपर्यंतही होता. मी चहा सांगायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. ताडपत्र्या होत्या तेवढ्या पुरल्या नाहीत. कणसांना पुढं मोड आले आणि निम्म्या गावानं ती बाजरी जनावरांना घातली.

म्हातारी फोडल्यावर आत काहीच तुटलेलं नव्हतं. दोन प्लेटा गंजून चिकटलेल्या होत्या, मिस्त्रींनी आधी सांगितलं होतं तशाच. त्यांनी छिन्नीनं हलकेच एक टोला दिला आणि त्या सुटल्या. मिस्त्री त्या गंजलेल्या प्लेटवरून अंगठा फिरवत बसले. “पाय असून गंज आला,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. “पाय असून आला.”

आबा सगळ्यांच्या देखत म्हणाले, “मिस्त्री, आता कवळी बसवा. हे दात खोटं बोलायला लागलं.”

सगळे हसले. मिस्त्रींना शब्द ऐकू आले नाहीत, पण हसणारी तोंडं दिसली. मी हसलो की नाही, ते मला आठवत नाही. हसलो असेन.

त्यानंतर लोकांनी आपापले लाकडी पाय चुलीत घातले. पुढच्या मृगाला मिस्त्री पोतं घेऊन निघालेच नाहीत. ट्रॅक्टर राहुरीला जायला लागले. कुणी आलंच तर मिस्त्री मान हलवून सांगत, “माझं ऐकनं गेलं. दुसरीकडं दाखवा.” ते विळ्यांना धार लावून देत, कुळवाचे दांडे बसवत. ज्यात ऐकायचं काही नाही अशी कामं.

वर्षभरानं गजराबाई सोसायटीत साखर न्यायला आल्या. पिशवी भरून झाली तरी उभ्या राहिल्या.

“भाऊ, तुमी त्यास्नी एकदा समजावता का?”

“काय झालं, वहिनी?”

“लाटनं घेत न्हाईत तोंडात. मी पुढं केलं की बाजूला सारत्यात. म्हनत्यात, तू काय बोलतीस आन मला काय ऐकू येतं, ह्येचा भरवसा न्हाई. उगा कायबाय ऐकून बसंन.” त्यांनी पदर सारखा केला. “कान न्हवते तवा काय वाटलं न्हाई हो. आता लई गप झालंय घर.”

मी म्हणालो, “बघतो.”

गेलोही. त्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन गेलो आणि ओट्यावर बसलो. डिसमिस खुंटीला टांगलेला होता. तो काढून गळ्याला लावायचा आणि सहा-सात शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. मी चिवडा कसा झालाय ते खुणेनं विचारलं. त्यांनी छान झालाय अशी खूण केली. मी उठलो. त्यानंतर दर दिवाळीला डबा जात राहिला. गजराबाई गेल्या त्या वर्षीही गेला.

मागच्या मृगात मात्र मी ठरवून गेलो. पुढचं मागचं काही बघायचं नाही, डिसमिस काढायचा आणि बोलायचं. मिस्त्री बाजेवर बसले होते. मला पाहून हसले. तोंडात एकही दात नव्हता.

तरी मी खुंटीवरचा डिसमिस काढला. मूठ त्यांच्या हातात दिली, टोक माझ्या गळ्याला धरलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी बोलायला आलं म्हणून त्यांनीही ती मूठ तोंडात घेतली, हिरड्यांनी घट्ट धरली आणि डोळे मिटले. मी बोललो. सगळं बोललो, बंब, पाहुणे, कुऱ्हाड, सगळं. माझा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला असेल.

त्यांनी मूठ बाहेर काढली, पुसली आणि मान हलवली. “न्हाई येत. नुसतं गुदगुल्या हुत्यात.” मग माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. “असू द्या, शेक्रेटरी. काय आसंल ते हुईल नीट.”

ते वाकले आणि बाजेखालून काहीतरी ओढून काढलं. दीड हाताचं दांडकं, खाली निळ्या स्लिपरचा तळ. म्हातारी भंगारात जाऊन किती वर्षं झाली होती.

“म्हातारीच्या मापाचा हाय,” ते म्हणाले. “लई दिस इचार केला मी. दात न्हाई चुकलं, शेक्रेटरी. आन तुमी पाय दिल्ता, ह्येबी खरं. मग चूक कुनाची? लाकडाची. बाभळ वल्ली आसनार, वाळताना आकसली, पेडल सुटलं आन गंज आला. म्हनून ह्यो चिंचंचा केला. ह्यो दगा द्यायचा न्हाई.”

ते दांडकं त्यांनी माझ्या हातात दिलं.

वीस वर्षं त्यांनी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला होता, स्वतःच्या दातांवर, बाभळीवर. माझ्यावर घेतला नव्हता.

ऐकू येत नव्हतं हे खरं. मिस्त्रींना वाचताही येत नव्हतं. पण खुणा कळत होत्या. ते दांडकं गुडघ्यावर धरून मोडल्यासारखं करायचं, चुलीकडे बोट दाखवायचं, स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा. एवढ्यानं त्यांना सगळं कळलं असतं. चूल तीन हातांवर होती.

मी दांडकं घेतलं आणि मान डोलावली. बाभळीचीच चूक, अशी मान डोलावली. त्यांचा चेहरा इतका खुलला की मला तिथं बसवेना.

पाऊस संपता संपता मिस्त्री गेले. चिंचेचा पाय माझ्या पडवीत, त्याच भिंतीला टेकवून उभा आहे. घरात गॅस आहे, गिझर आहे, त्याला कुणी हात लावत नाही. येता-जाता मी त्याच्यापाशी थांबतो आणि त्या दिवशी खळ्यावर डिसमिस गळ्याला लागलेला असताना जे बोलायचं होतं ते मनात जुळवतो. आता ते पाठ झालंय.

मिस्त्री, बाभळीनं दगा दिला नाही. तुमचे दातही चुकले नव्हते. म्हातारीचा पाय मी जाळला. मला माफ करा.